सायबर छळ, किशोरवयीनांमधील

मोबाइल, संगणक व इंटरनेट या साधनांच्या द्वारे एखाद्या मुलाचा वा मुलीचा समवयस्कांकडून हेतुपुरस्सर होणारा मानसिक छळ म्हणजे सायबर छळ. टवाळीचे संदेश, धमक्या, दुसऱ्याच्या नावाने उघडलेली खोटी खाती, विटंबना केलेली छायाचित्रे, खाजगी संभाषणाचा बोभाटा आणि गटातून जाणूनबुजून वगळणे हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. शालेय छळाचे आद्य अभ्यासक डॅन ओल्व्हेउस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली आहेत : इजा करण्याचा हेतू, कृत्याची पुनरावृत्ती आणि दोन्ही पक्षांच्या बळातील विषमता. सायबर छळात यांपैकी दुसऱ्या लक्षणाचे स्वरूप पालटते. एकदाच पाठविलेले छायाचित्र शंभर जणांनी पुढे पाठविले, की कृत्य एकाचे व एकदाच घडलेले असूनही भोगणाऱ्याच्या वाट्याला ते शंभर वेळा येते.

मराठीत या वर्तनाला एकच असा रूढ शब्द नाही. खोड्या काढणे, चिडविणे, टवाळी, दादागिरी, बदनामी असे अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाचे वजन वेगळे आहे. मुले ‘चिडवले’ म्हणतात, शिक्षक ‘खोडी’ म्हणतात, पोलीस दप्तरात ‘बदनामी’ अशी नोंद होते. एकाच घटनेला लावलेल्या या तीन नावांमुळे तिचे गांभीर्यही तीन प्रकारे मोजले जाते, ही गोष्ट केवळ भाषिक नाही. ‘चिडवणे’ या शब्दाने निम्मा दोष चिडणाऱ्याकडे जातो.

हा विषय सामान्यतः नव्या यंत्रांचा म्हणून मांडला जातो. महाराष्ट्रापुरते पाहता त्याची मुळे लोकनिंदेच्या जुन्या परंपरेत आहेत. नवे काय व जुने काय, हे नीट वेगळे केल्याशिवाय किशोरवयीनांच्या वर्तनाचा अर्थ लागत नाही.

पूर्वपीठिका : निंदेला शिक्षेचे रूप देण्याची पद्धत मराठी समाजात प्राचीन काळापासून होती. जातीच्या आचारनियमांचा भंग केल्याच्या आरोपावरून चालणाऱ्या वादास ग्रामण्य म्हणत व त्याची परिणती बहुधा बहिष्कारात होई. वाळीत टाकलेल्या घरी न्हावी, परीट व भटजी जात नसत. पंगत व पाणवठा त्या घराला बंद होई. अपराध्याची गाढवावरून धिंड काढणे हा लोकनिंदेचा उघड प्रकार होता. शिमग्यात नावे घेऊन बोंबा मारण्याची व अचकटविचकट बोलण्याची समाजमान्य मुभा होती, परंतु ती त्या चार दिवसांपुरती असे. या सर्व प्रकारांना काळाची किंवा जागेची मर्यादा होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मुद्रणकलेमुळे ही मर्यादा प्रथम ओलांडली गेली. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रातून प्रसिद्ध केली. यादीत महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक यांच्यासारखी माणसे होती. शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशी बसली, आणि हे ग्रामण्य दोन वर्षे धुमसत राहिले. अखेर १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एरवी चार भिंतींत विरून गेली असती अशी गोष्ट केवळ नावे छापली गेल्यामुळे शहराची गोष्ट झाली. जोशी यांचा हेतू धर्मरक्षणाचा नव्हता. सुधारकांची फजिती पाहण्याची हौस त्यामागे अधिक होती. यादी फोडून दुरून मौज पाहणारा माणूस आजच्या शाळकरी मुलांना अपरिचित वाटणार नाही.

तरुण वयात लोकनिंदेला तोंड द्यावे लागलेल्या व्यक्तींची उदाहरणे स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात विशेष आढळतात. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले सतरा वर्षांच्या होत्या. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला जाई, असे समकालीनांच्या आठवणींवरून दिसते. रमाबाई रानडे यांचे उदाहरण याहून निराळे व प्रस्तुत विषयाला अधिक जवळचे आहे, कारण त्यांना छळणारे लोक रस्त्यावरचे नव्हते, घरातले होते. २५ जानेवारी १८६२ रोजी जन्मलेल्या रमाबाईंचा विवाह १८७३ च्या अखेरीस, वयाच्या बाराव्या वर्षी, न्यायमूर्ती रानडे यांच्याशी झाला. पतीने त्यांना शिकविण्यास प्रारंभ केला आणि पुण्याच्या घरातील बायकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. टोमणे, कुजबुज, सर्वांनी मिळून केलेली उपेक्षा, मोठ्याने वाचण्यावरून थट्टा असे या रोषाचे स्वरूप त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात दिसते. मारहाणीचा त्यात प्रश्न नव्हता. एका अल्पवयीन मुलीविरुद्ध तिच्याहून वडील असलेल्या स्त्रियांचा एक गट, आणि त्या गटात अनेकजणी केवळ ऐकून हसणाऱ्या, असे ते चित्र होते.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिक येथे झाली. निफाड हे रानड्यांचे जन्मस्थान याच जिल्ह्यातील, परंतु रमाबाईंच्या दृष्टीने या बदलीचे महत्त्व वेगळे होते. सोळा वर्षांच्या रमाबाईंना नाशिकात अभ्यासाला मोकळीक मिळाली व सार्वजनिक समारंभात वावरण्याचे पहिले धडे त्यांनी येथेच घेतले. १८७९ मध्ये रानड्यांची धुळ्यास बदली झाली. पुढे पुण्यास परतल्यावर रमाबाई पंडिता रमाबाईंच्या सभांना जाऊ लागल्या (१८८२), तेव्हा घरातील टोचणी पुन्हा सुरू झाली. छळणारा गट पुण्यात होता आणि छळही पुण्यातच राहिला. नाशिकपर्यंत तो पोचू शकला नाही. एका बदलीने साधलेली ही सुटका आजच्या मुलाला साधत नाही. शाळा बदलली, गाव बदलले, तरी जुन्या वर्गाचा ग्रुप त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये असतो. जुन्या लोकनिंदेला वेस होती, नवीला ती नाही. सायबर छळाचे वेगळेपण यात आहे. बाकीचा बराचसा भाग परंपरागत आहे.

शालेय छळाचा अभ्यास : शाळेतील छळाकडे शास्त्राचे लक्ष बरेच उशिरा गेले. स्वीडनमध्ये पेटर-पाउल हाइनेमान या वैद्याने १९६९ च्या सुमारास एका मुलावर गटाने तुटून पडण्याच्या प्रकाराला नाव दिले व त्यावर चर्चा घडवून आणली. ओल्व्हेउस यांचे पहिले पुस्तक १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. नॉर्वेमध्ये छळाला कंटाळून तीन मुलांनी आत्महत्या केल्यानंतर १९८३ मध्ये तेथील शासनाने शाळांत देशव्यापी मोहीम हाती घेतली. भारतात हा प्रश्न प्रथम महाविद्यालयीन वसतिगृहांतील रॅगिंगच्या रूपाने पुढे आला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या राघवन समितीचा अहवाल २००७ मध्ये आला व विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ मध्ये लागू झाले. या प्रयत्नांचा भर उच्च शिक्षणावर होता. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांमधील छळ ही बालिश खोडी आहे, ही समजूत तशीच राहिली.

साधनांचा प्रसार : १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह प्रमुख शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पहिली दहा वर्षे किशोरवयीनांच्या दृष्टीने इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे होता. तासाला पैसे मोजून, शेजारी कोणी बसलेले असताना वापरायची ती वस्तू होती. ऑर्कुट हे संकेतस्थळ २००४ मध्ये आले व ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. दरम्यानच्या काळात मराठी तरुणांच्या एका पिढीने सार्वजनिक भिंतीवर लिहिण्याची सवय तेथे लावून घेतली. कॅमेरा असलेल्या मोबाइलने परिस्थिती अधिक बदलली. २००४ च्या अखेरीस दिल्लीतील एका शाळेतील विद्यार्थ्यांचे खाजगी चित्रण मोबाइलवरून पसरले व पुढे विक्रीस ठेवले गेले. त्या वेळी देशभर चर्चा झाली ती विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या जबाबदारीची. चित्रण ज्यांनी एकमेकांना पाठविले त्या विद्यार्थ्यांच्या वर्तनाविषयी फारसे बोलले गेले नाही.

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झाले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षणासाठी म्हणून मोबाइल मुलांच्या हाती द्यावा लागला. ज्या घरांनी तो कटाक्षाने दूर ठेवला होता, त्यांनाही तो नाकारता आला नाही. वर्गशिक्षकांनी केलेल्या अधिकृत ग्रुपच्या पाठोपाठ शिक्षक नसलेला दुसरा ग्रुप तयार होतो, हे बहुतेक शाळांना ठाऊक आहे. या दुसऱ्या ग्रुपात वर्गाचे खरे सार्वजनिक जीवन चालते.

मानसिक घटक : किशोरावस्थेत समवयस्कांचे मत हे जवळजवळ आरशाचे काम करते. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये ‘काल्पनिक प्रेक्षकवर्ग’ ही संकल्पना मांडली. सारे जग आपल्याकडेच पाहत आहे, असे या वयातील मुलाला वाटत असते. मोबाइलने ही कल्पना बऱ्याच अंशी खरी केली, कारण आता पाहणाऱ्यांची संख्या पडद्यावर दिसते. मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किशोरवयीन, तरुण व प्रौढ व्यक्तींना संगणकावरील मोटार चालविण्याच्या खेळात भाग घ्यावयास सांगितले होते. एकटे असताना तिन्ही गटांच्या वर्तनात फार अंतर नव्हते. मित्र जवळ बसले असता किशोरवयीनांनी पत्करलेला धोका मात्र ठळकपणे वाढला, प्रौढांचा वाढला नाही. छळ करणारा मुलगा एकांतात शांत व समंजस वाटतो आणि ‘आमचा मुलगा असे करणे शक्य नाही’ असे त्याचे पालक प्रामाणिकपणे सांगतात, याचा उलगडा यातून काही अंशी होतो.

व्यक्ती झाकली गेली की क्रौर्य वाढते, असे फिलिप झिंबार्डो यांनी १९६९ मध्ये दाखविले. चेहरा टोपरे घालून झाकलेल्या विद्यार्थिनींनी समोरच्या व्यक्तीला अधिक वेळ विजेचे धक्के दिले (धक्के अर्थातच खोटे होते). जॉन सूलर यांनी २००४ मध्ये इंटरनेटवरील संकोच गळून पडण्याच्या प्रवृत्तीचे विवेचन करताना नाव लपण्याबरोबरच नजरेआड असणे, उत्तर लगेच न येणे, समोरचा माणूस आपल्या मनातलाच आहे असे वाटणे इत्यादी कारणे सांगितली. यांपैकी नजरेआड असणे हे कारण शालेय छळात सर्वांत महत्त्वाचे मानावे लागते. पीडित मुलाला छळणाऱ्याचे नाव पुष्कळदा माहीत असते. छळणाऱ्याला मात्र पीडिताचा पडलेला चेहरा दिसत नाही. वर्गात चिडविताना समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आले की निदान काही मुले थांबतात. मोबाइलवर हा थांबा नसतो.

अल्बर्ट बँडुरा यांनी नीतीच्या जाणिवेपासून स्वतःला अलग करण्याच्या ज्या युक्त्या सांगितल्या, त्या मराठी मुलांच्या बोलण्यात जशाच्या तशा आढळतात. ‘गंमत केली’, ‘मी फक्त फॉरवर्ड केले’, ‘सगळेच करतात’, ‘तिनेच आधी फोटो टाकला’ ही चार वाक्ये म्हणजे अनुक्रमे कृत्याला सौम्य नाव देणे, जबाबदारी दुसऱ्यावर टाकणे, ती सर्वांत वाटून टाकणे आणि पीडितालाच दोषी ठरविणे होत. ही वाक्ये मुलांनी शोधून काढलेली नाहीत. घरात व चावडीवर ती त्यांनी ऐकलेली असतात.

फिनलंडमधील संशोधिका क्रिस्टिना साल्मिव्हाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये असे दाखविले, की छळ ही दोघांमधील घटना नसून वर्गातील जवळजवळ प्रत्येक मुलाची तीत काही ना काही भूमिका असते : छळणारा, त्याचा साहाय्यक, हसून उत्तेजन देणारा, बाजूला राहणारा आणि पीडिताची बाजू घेणारा. पंच हौद प्रकरणात नावे छापणारा एक होता. ती चवीने वाचणारे शहर होते. रमाबाईंच्या घरातही असेच होते. सायबर छळात हसणाऱ्याचे हसणे खूण म्हणून उमटते, मोजले जाते व टिकून राहते. म्हणून मूक प्रेक्षकांच्या वर्तनात बदल घडविणे हा उपायांचा पाया मानला जातो.

वगळले जाण्याचे दुःख हा स्वतंत्र विषय आहे. किपलिंग विल्यम्स यांनी २००० च्या सुमारास संगणकावर चेंडू फेकण्याचा एक साधा खेळ तयार केला. खेळणाऱ्याला थोड्या वेळाने चेंडू देणे बंद केले जाते. अनोळखी, कधीही न भेटणाऱ्या खेळाडूंनी वगळले तरीही माणूस खिन्न होतो व त्याची स्वतःविषयीची भावना खालावते, असे वारंवार आढळले आहे. वर्गाच्या ग्रुपमधून एखाद्याला काढून टाकणे ही प्रौढांना क्षुल्लक वाटणारी गोष्ट मुलाला वाळीत टाकण्याइतकी का लागते, हे यावरून समजते.

छळणारी मुले सर्वस्वी वेगळ्या घडणीची असतात, असे मानण्यास आधार नाही. काहींच्या बाबतीत घरातील मारझोड व उपेक्षा कारणीभूत असते, काही वर्गात लोकप्रिय व चतुर असतात, आणि एक लहान गट असा असतो की जो शाळेत छळ सोसतो व रात्री खोट्या खात्यावरून तोच छळ दुसऱ्यावर उलटवितो. हा शेवटचा गट सर्वांत अधिक दुःखी असल्याचे अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे.

सामाजिक घटक : छळासाठी कोणाची निवड होते, हे मानसशास्त्र सांगत नाही, ते समाजरचना सांगते. रंग, आडनाव, जात, इंग्रजीचा उच्चार, वडिलांचा व्यवसाय, शरीराची ठेवण आणि मुलगा असून मुलीसारखे चालणे-बोलणे ही निवडीची नेहमीची कारणे आहेत. नाशिकसारख्या शहरात यात भाषेची भर पडते. सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांतील कोकणा व महादेव कोळी मुले, बागलाण-मालेगाव भागातील अहिराणी बोलणारी मुले शिक्षणासाठी शहरातील वसतिगृहांत येतात. राज्याच्या आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालयही नाशिक येथेच आहे. या मुलांच्या बोलीची नक्कल पूर्वी वर्गात होऊन संपत असे. आता ती ध्वनिमुद्रित होऊन फिरू शकते, आणि गावाकडच्या मोबाइलवरही पोचू शकते.

बहिष्काराची जुनी संस्थाही मृत झालेली नाही. जून २०१३ मध्ये नाशिक येथे आंतरजातीय विवाह केलेल्या एका गरोदर तरुणीची तिच्या पित्याने हत्या केली व त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचे उघडकीस आले. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने नाशिकमधूनच जातपंचायतींविरुद्ध मोहीम सुरू केली; समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्याआधी काही दिवस ते या मोहिमेत गुंतलेले होते. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा संमत केला व तो जुलै २०१७ मध्ये अंमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. वर्गातील ग्रुप या कायद्याच्या कक्षेत येत नाही व तो तसा आणणेही इष्ट नव्हे. परंतु ज्या समाजात प्रौढ माणसे बहिष्कार हे शिस्तीचे साधन मानतात, तेथील मुलांना ते साधन नवे शिकावे लागत नाही, एवढे खरे.

मुलींच्या बाबतीत ‘नाव’ या कल्पनेचे ओझे वेगळेच असते. मुलीचे नाव खराब होणे म्हणजे घराचे नाव जाणे, हा संकेत अद्याप प्रबळ आहे. त्यामुळे छायाचित्रात फेरफार करून ते पसरविण्याची नुसती धमकीही परिणामकारक ठरते. घरी सांगितले तर मोबाइल काढून घेतला जाईल, शिकवणी बंद होईल, कदाचित लग्नाची बोलणी सुरू होतील, असा हिशेब मुलगी करते. आणि तो हिशेब नेहमीच चुकीचा असतो असे म्हणता येत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. छळाची माहिती दडविण्यामागे भित्रेपणा आहे, असे शिक्षक पुष्कळदा म्हणतात. वस्तुतः शाळा सुटू नये म्हणून मुलीने मोजलेली ती किंमत असते.

मुलग्यांचे मौन निराळ्या कारणाने असते. रडणारा मुलगा हाच टवाळीचा विषय असल्याने तक्रार करणे म्हणजे टवाळीला पुरावा देणे होय. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतील एका उच्चभ्रू शाळेत तेरा-चौदा वर्षांच्या आठ मुलांना निलंबित करण्यात आले. वर्गातील मुलींविषयी त्यांनी आपल्या ग्रुपवर केलेले हिंसक व अश्लील संभाषण उघडकीस आले होते. मे २०२० मध्ये दिल्लीतील शाळकरी मुलांच्या अशाच एका इन्स्टाग्राम ग्रुपवरून देशभर खळबळ उडाली. त्या प्रकरणाबरोबर पसरलेले बलात्काराच्या योजनेचे संभाषण त्या ग्रुपातील नव्हतेच, तर एका मुलीने मुलाच्या नावाने खाते उघडून मित्राची परीक्षा पाहण्यासाठी केलेले होते, असे पोलिसांच्या तपासात आढळले. त्याच आठवड्यात समाजमाध्यमावर स्वतंत्र आरोप झालेल्या गुरुग्राम येथील एका सतरा वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. छळाविरुद्ध उठलेला जमावही जमावच असतो, हे या घटनाक्रमात स्पष्ट दिसते. अमेरिकेतील मिसूरी राज्यात २००६ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलीने आत्महत्या केली. तिला लिहिणारा ‘मुलगा’ हा शेजारच्या घरातून चालविलेल्या खोट्या खात्याचा भाग होता व त्यात एका प्रौढ स्त्रीचा हात होता. अनोळखी माणसांपासून मुलांना जपा, असा उपदेश पालकांना वर्षानुवर्षे केला जातो. शालेय छळात धोका बहुधा ओळखीच्या दिशेने येतो, हे या उपदेशात हरवते.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. २००८ च्या दुरुस्तीने (अंमल २७ ऑक्टोबर २००९ पासून) त्यात कलम ६६ अ घालण्यात आले व ‘अतिशय आक्षेपार्ह’ संदेश पाठविणे हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेस पात्र गुन्हा ठरला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना मुंबईतील बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली; त्यांपैकी एकीने तो मजकूर केवळ पसंत केला होता. या प्रकरणातून उद्भवलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. निर्णय योग्य होता. छळ रोखण्यासाठी केलेल्या मोघम कलमाचा पहिला फटका दुबळ्यांनाच बसतो, याचे पालघर हे उदाहरण आहे.

आता सायबर छळ असा स्वतंत्र गुन्हा भारतीय कायद्यात नाही. ओळख चोरणे, तोतयेगिरी, खाजगी अवयवांचे चित्रण, अश्लील मजकूर व बालकांचे लैंगिक चित्रण यांसाठी २००० च्या अधिनियमात कलमे आहेत. पाठलाग, धमकी व बदनामी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत येतात. लैंगिक स्वरूपाच्या छळास २०१२ चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा लागू होतो. हा शेवटचा कायदा दुधारी आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने वर्गातील मुलीचे चित्र पुढे पाठविले, तर प्रौढ गुन्हेगारासाठी लिहिलेल्या कलमांखाली तो येतो आणि त्याचे प्रकरण २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार मंडळापुढे जाते. परिणामी शाळा व पालक दोघेही तक्रार टाळून आपसात मिटवू पाहतात, व मिटविण्यात बहुधा मुलीनेच शाळा सोडावी असे ठरते.

तपासाच्या बाजूने एक अडचण नाशिकच्या संदर्भात नमूद करण्यासारखी आहे. राज्यातील पोलीस उपनिरीक्षकांना घडविणारी पोलीस अकादमी १९०९ पासून नाशिक येथे आहे. परंतु २००० च्या अधिनियमातील गुन्ह्यांचा तपास निरीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. शहरात आयुक्तालयाचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे आहे. तालुक्याच्या गावी मात्र तक्रार घेऊन येणाऱ्या पालकाला प्रथम भेटणारा अधिकारी पुष्कळदा उपनिरीक्षकच असतो. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या अहवालांत ‘महिला व मुले यांचा सायबर पाठलाग व छळ’ असे एकच शीर्षक असल्याने, मुलांनी मुलांचा केलेला छळ किती, हे त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही.

शाळेतील उपाय : ज्या उपायांचा परिणाम मोजला गेला आहे, ते बहुतेक सर्व प्रेक्षकांवर काम करणारे आहेत. ओल्व्हेउस यांच्या कार्यक्रमात संपूर्ण शाळेने काही साधे नियम मान्य करावयाचे असतात. फिनलंडमध्ये २००९ पासून देशभर राबविलेल्या किव्हा कार्यक्रमात वर्गातील इतर मुलांना पीडिताच्या बाजूने उभे राहण्याचे प्रत्यक्ष शिक्षण दिले जाते आणि छळ झाल्यावर पीडिताशी मैत्रीने वागण्यासाठी काही वजनदार मुलांना विश्वासात घेतले जाते. व्याख्याने व भित्तिपत्रके यांचा परिणाम अल्प असतो. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. व्हॉट्सॲपसारखी संदेशसेवा मात्र त्या मनाईबाहेर आहे, आणि महाराष्ट्रातील वर्गाचे ग्रुप प्रामुख्याने तेथेच आहेत.

महाराष्ट्रात शाळांमध्ये तक्रारपेटी ठेवण्याचे व सखी सावित्री समिती स्थापन करण्याचे (२०२२) शासनाचे आदेश आहेत. समितीला सावित्रीबाईंचे नाव देण्यात औचित्य आहे. पेटी कार्यालयाच्या दारात, शिपायाच्या नजरेसमोर टांगलेली असली, तर तिच्यात चिठ्ठी टाकणारे मूल सर्वांना दिसते. स्वच्छतागृहाच्या वाटेवर टांगलेल्या पेटीत चिठ्ठ्या अधिक पडतात, हा अनुभवी शिक्षकांचा साधा हिशेब आदेशात येऊ शकला नाही. चिठ्ठी उघडताना कोण हजर असावे, छळणाऱ्याच्या पालकाला शाळेच्या व्यवस्थापनात स्थान असल्यास काय करावे, आणि मजकूर मोबाइलवरून काढून टाकण्याआधी त्याची प्रत कोणी व कशी जपावी, या तीन गोष्टी प्रत्येक शाळेने आधीच लिहून ठेवणे आवश्यक असते. यांपैकी तिसरी सर्वाधिक दुर्लक्षित आहे. घाबरलेले मूल पहिल्या तासाभरात सर्व काही पुसून टाकते, आणि पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न पुराव्याचाच विचारला जातो. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी व सायबर गुन्ह्यांची १९३० ही वाहिनी यांचे क्रमांक शाळेच्या फलकावर असतात. ते पाहण्यासाठी मुलाच्या हाती मोबाइल राहू देणे, हा निर्णय घरच्यांना घ्यावा लागतो.